टाकाने लिहिताना शाई कधी ओघळते, कधी मध्येच तुटते: कारण कसं शोधायचं

नवी निब होल्डरला लावली, दौतीत बुडवली आणि पहिल्याच रेघेला कागदावर शाईचा मोठा थेंब पडला. तो टिपून पुन्हा सुरुवात केली, दोन अक्षरं छान उमटली आणि तिसऱ्याची रेघ अर्ध्यावर तुटली. मग निब बदलली, शाई बदलली, कागदही बदलला. काही दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच सुरू झालं. टाकाने सुलेखन करू लागलेल्या बहुतेकांची ही तक्रार असते. ती परत परत येते, कारण एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या की नेमका दोष कशात होता ते कळतच नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर तीच एक ओळ पुन्हा लिहून बघायची.

निबमध्ये शाई चालते कशी, हे एकदा नीट समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. टाकाच्या निबला टोकापासून वर जाणारी एक बारीक चीर असते आणि ती वरच्या भोकापाशी संपते. चिरेच्या दोन्ही बाजूंना पोलादाच्या दोन फाका असतात. निब बुडवली की शाई आतल्या पोटाला आणि भोकाला चिकटून राहते, आणि केशाकर्षणाने चिरेतून टोकाकडे येते. टोक कागदाला टेकलं की कागद ती शाई ओढून घेतो. म्हणजे शाई निबला धरून राहिली पाहिजे, चिरेतून वाहिली पाहिजे आणि कागदाने ती बेताने घेतली पाहिजे. ओघळणं, तुटणं, फुटणं हे सगळे दोष या तिन्हींपैकी कुठल्या तरी एका जागी घडतात.

आधी पाण्याचा थेंब टाकून बघा

नव्या निबवर गंज लागू नये म्हणून कारखान्यातच तेलाचा किंवा लाखेसारखा पातळ थर दिलेला असतो. डोळ्यांना तो दिसत नाही. तो तपासायला निब आडवी धरा आणि तिच्यावर स्वच्छ पाण्याचा एक थेंब सोडा. पाणी गोळा होऊन मण्यासारखं बसलं किंवा घरंगळून गेलं, तर थर अजून आहे. पाणी सपाट पसरून निबभर ओली झाक राहिली, तर निब तयार आहे. हीच गोष्ट शाईतही दिसते. निब बाहेर काढल्यावर शाई पृष्ठभागावर एकसंध न राहता तुकड्यातुकड्यांत आकसली, तर ती निबला धरतच नाहीये. अशी शाई मोकळी सुटलेली असते, आणि टोक टेकताच सगळी एकदम खाली येते. पहिल्या रेघेला पडणारा तो मोठा थेंब बहुतेक वेळा याच कारणाने पडतो.

थर काढायला भांडी घासायचं द्रव साबण आणि जुना मऊ टूथब्रश पुरेसा आहे. पांढरी साधी टूथपेस्टही चालते, फक्त चिरेत तिचे कण राहू देऊ नका. निब आतून आणि बाहेरून घासा, धुवा, लगेच कोरडी करा आणि पाण्याचा थेंब पुन्हा टाकून बघा. एकदा घासून भागलं नाही तर दुसऱ्यांदा घासा. काहीजण निब आगपेटीच्या ज्योतीतून फिरवतात. एका क्षणात आत-बाहेर केलं तर थर जळून जातो हे खरं, पण मी ते सुचवणार नाही. टोक इतकं बारीक असतं की क्षणभर जास्त तापलं तरी पोलादाचा ताण बदलतो, आणि चमकत्या निबवर निळी झाक आली की उशीर झालेला असतो. (ब्राउझ ३६१सारख्या काही निब मुळातच निळ्या असतात, तो रंग वेगळा.) साबणाने तेच काम होत असताना निब आगीत घालायचं कारण नाही.

एक सवय लावून घ्या. धुतलेली निब होल्डरला लावताना तिचा वरचा भाग बोटांनी चोळू नका. बोटांचं तेलही शाई दूर लोटतं.

किती बुडवायचं आणि बाहेर कसं काढायचं

निब भोकाच्या जराशी वर भिजेल इतकीच बुडवावी. भोक शाईने भरलं पाहिजे, कारण साठा तिथेच राहतो. पण निबची मागची नळी किंवा होल्डर भिजला तर ती शाई लिहिताना टोकाकडे घसरते आणि नको तेव्हा ओघळते. निब बाहेर काढताना तिचं पोट दौतीच्या काठाला हलकेच टेकवा, झटकू नका. दौत मोठी आणि भरलेली असेल तर किती बुडतं याचा अंदाज येत नाही. रोजच्या कामाची शाई लहान तोंडाच्या बुटक्या बाटलीत थोडी काढून घेतली की हा प्रश्न सुटतो.

बुडवल्यावर थेट मूळ कागदावर जाऊ नका. शेजारी त्याच जातीच्या कागदाचा तुकडा ठेवा आणि त्यावर एक छोटी रेघ ओढा. चिरेतली शाई टोकापर्यंत आलेली आहे का आणि जास्तीची उतरली का, दोन्ही तिथे कळतं. तुकडा त्याच कागदाचा असावा, वर्तमानपत्राचा नसावा. वर्तमानपत्राचा कागद शाई पटकन शोषतो, त्यामुळे तिथे सगळं ठीक वाटतं आणि खऱ्या कागदावर थेंब पडतो.

शाईचा दाटपणा

निब स्वच्छ आहे, बुडवणंही बेताचं आहे आणि तरी त्रास होतोय, तर शाईकडे वळा. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं, आणि कारण असं की शाई बदलत राहते. उघड्या दौतीतलं पाणी उडतं. सोमवारी छान चालणारी शाई शुक्रवारी दाट झालेली असते आणि निबवर खापर फुटतं.

शाई जास्त पातळ असेल तर निब कागदाला टेकताच ती सैल सुटते. बारीक चढत्या रेघाही जाड दिसतात, वळणांच्या आतल्या कोपऱ्यांत शाई साचते आणि दोन ओल्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे निबमधली सगळी शाई एकदम ओढली जाऊन डबकं होतं. फाउंटन पेनची शाई टाकात वापरली की नेमकं असंच होतं. ती नळीतून आणि फीडमधून (निबपर्यंत शाई पोहोचवणाऱ्या आतल्या भागातून) सहज वाहावी अशी पातळ केलेली असते. टाकाच्या उघड्या निबवर तिला धरून ठेवणारं काहीच नसतं.

इथे डिंकाची मदत होते. बाभळीच्या कुळातल्या झाडांपासून मिळणारा, चित्रकलेच्या सामानात पातळ द्रवरूपात मिळणारा गम अरेबिक शाईत थोडा मिसळला की ती निबला धरते आणि रेघेची कड सुबक येते. १० मिलिलिटर शाईला दोन थेंबांपासून सुरुवात करा, ढवळा, लिहून बघा, मगच पुढचा थेंब. डिंक जास्त झाला तर शाई चिरेतून उतरतच नाही, वाळल्यावर चकाकते आणि कागद दुमडला की तडकते. बाटलीत सरळ न टाकता वेगळ्या वाटीत थोडी शाई घेऊन हा प्रयोग करावा.

शाई जास्त दाट असेल तर लक्षणं उलटी दिसतात. रेघ सुरू व्हायला नकार देते, निब कागदावर दोनदा टेकवावी लागते, जाड रेघ अर्ध्यावर कोरडी पडते आणि चिरेत चिकट थर साठतो. त्यावर उपाय पाणी, पण थेंबाथेंबाने. नळाच्या पाण्यातले क्षार शाईत साका धरायला कारणीभूत होऊ शकतात, म्हणून ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी घ्यावं. बाटली जोरात हलवू नका. फेस आला की प्रत्येक बुडवणीत बुडबुडे निबवर येतात आणि भोकात अडकून शाई अडवतात. काडीने सावकाश ढवळा.

दाटपणा बघायला मी काचेच्या पट्टीवर एक थेंब सोडून पट्टी उभी करते. थेंब एकदम धावत खाली गेला तर शाई पातळ आहे, जागच्या जागी बसला तर दाट आहे. मागे एकसंध रंगीत शेपूट सोडत सावकाश उतरला, तर त्या शाईने लिहायला हरकत नाही.

कुठल्या निबला कुठली शाई

काजळी आणि लाखेची इंडिया इंक गडद काळी असते आणि वाळल्यावर पाण्याने जात नाही. पण हाच गुण निबवर उलटतो. ती निबवरही तशीच घट्ट वाळते, म्हणून दर काही ओळींनी निब ओल्या कापडाने पुसावी लागते. जपानी सुमी शाई काजळी आणि सरसाची असते. ती निबला छान धरते, पण बाटलीतली सुमी सहसा दाट असते आणि बारीक निबला थोडं पाणी मिसळल्याशिवाय चालत नाही.

हिराकस आणि मायफळाच्या अर्काची जुनी शाई, म्हणजे आयर्न गॉल, अतिबारीक रेघांसाठी मला सगळ्यात आवडते. लिहिताना ती फिकट दिसते आणि हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन काळी पडत जाते. तिची केसासारखी रेघ दुसऱ्या शाईत सहसा मिळत नाही. पण ती आम्लधर्मी आहे, पोलाद खाते, निब लवकर झिजवते. ती वापरायची तर लिहून झाल्या झाल्या निब धुवून कोरडी करायची, चहाला उठायच्या आधी. अॅक्रिलिक शाई रंगीत कामाला उत्तम, पण चिरेत प्लास्टिकसारखी वाळते. इंडिया इंक, सुमी किंवा अॅक्रिलिक शाई फाउंटन पेनमध्ये मात्र कधीच भरू नका.

गुवाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, पाण्यात कालवून वापरायचे असतील तर ते दुधाइतके पातळ हवेत आणि निबच्या पोटाला ब्रशने लावावेत. बुडवून भरले की प्रमाण राहत नाही.

निबचं म्हणाल तर, दाबाने जाड-बारीक होणाऱ्या टोकदार निबमध्ये सुरुवातीला निको जी किंवा झेब्रा जी घ्यावी. दोन्ही जपानी, ताठ आणि चिवट आहेत. हात अजून बसलेला नसला तरी त्या सांभाळून घेतात. गिलॉट ३०३ किंवा हंट १०१ त्यांच्यापेक्षा बऱ्याच नरम आणि अणकुचीदार आहेत. जराशा दाबाने फाका रुंद उघडतात, म्हणून शाईही जास्त मागतात. निको जी किंवा झेब्रा जीमध्ये नीट चालणारी शाई हंट १०१मध्ये ओघळली, तर निब बिघडलेली नसते. तिला किंचित दाट शाई आणि हलका हात हवा असतो.

जाड रेघेत मध्ये पांढरी फट पडते तेव्हा

खाली येणारी जाड रेघ भरीव येण्याऐवजी तिच्या दोन्ही कडाच उमटतात आणि मध्ये कागद कोरा राहतो. हे भिंगातून बघण्यासारखं आहे. दाबाने फाका उघडतात, त्यांच्यामध्ये शाईचा पातळ पडदा ताणला जातो, आणि फाका त्या पडद्याच्या आवाक्यापेक्षा लांब गेल्या की तो फाटतो. त्यानंतर प्रत्येक फाक आपापली रेघ ओढत राहते.

यावर सगळ्यात आधी वेग कमी करा. शाईला चिरेतून खाली यायला वेळ लागतो, आणि घाईने ओढलेली जाड रेघ तिला तो देत नाही. वेग कमी करूनही फट पडत असेल तर निबमध्ये शाई संपत आली आहे का ते बघा. तेही नसेल तर तुम्ही त्या निबकडून तिच्या ताकदीपेक्षा जास्त जाडी मागताय. जास्त जाड रेघ हवी असेल तर नरम निब घ्यावी, ताठ निबला दाबून फाका वाकवू नयेत. वाकलेल्या फाका पुन्हा मिटत नाहीत आणि मग बारीक रेघही कायमची जाड येते.

खरखर आणि कागद उचकटणं

निब चढत्या रेघेला कागदात रुतत असेल तर आधी हात तपासा, मग निब. टोकदार निबची चीर आणि अक्षराचा कल एका रेषेत असायला हवा. चीर एका बाजूला वळली की दोन्ही फाकांवर सारखा भार येत नाही. एक फाक कागदावर घासते आणि तिचं टोक धागे उचलतं. कॉपरप्लेटसारखी सुमारे ५५ अंशांच्या कलाची अक्षरं सरळ होल्डरने लिहिताना उजव्या हाताचं मनगट त्या कोनापर्यंत सहज वळत नाही. त्यासाठी तिरका होल्डर असतो, ज्यात पितळी पट्टीत निब बाजूला बसवतात. त्याची पट्टी वाकवून अशी जुळवा की निबचं टोक होल्डरच्या दांड्याच्या मध्यरेषेच्या सरळ पुढे येईल. टोक त्या रेषेच्या बाहेर राहिलं तर होल्डर बोटांत गोल फिरतो आणि लिहिताना निब आपोआप एका कडेवर कलते.

हात ठीक असेल तर दहा पट भिंगातून निब समोरून, म्हणजे टोक तुमच्या डोळ्यांकडे करून बघा. दोन्ही फाकांची टोकं एका उंचीवर दिसली पाहिजेत. एक फाक वर चढलेली असेल तर तिला नखाने खालच्या बाजूला अगदी थोडं दाबा, सोडा, बघा. पुन्हा दाबा. घाईत एकदम जोर दिला तर ती दुसऱ्या बाजूला जाते आणि मग निब सरळ होत नाही. टोक जुळलं तरी खरखर राहिली, तर अतिशय बारीक पॉलिश कागदावर, साधारण १२००० ग्रिटच्या, हलक्या हाताने इंग्रजी आठचा आकडा दोन-तीनदा काढा. यापेक्षा जास्त घासू नका. टोक गोल झालं की केसासारखी रेघ गेलीच. मी तर म्हणेन, स्वस्त टोकदार निबवर ही मेहनत करण्यापेक्षा नवी घ्या.

कटनिबचं वेगळं गणित

सपाट टोकाच्या कटनिबमध्ये शाई टोकाच्या पूर्ण रुंदीभर पोहोचायला हवी. मिचेल कंपनीच्या निबला खालून बसवायची छोटी पितळी पट्टी असते, शाई साठवणारी. ती टोकापासून साधारण दोन मिलिमीटर मागे ठेवा. अगदी टोकाशी आणली तर शाई कागदावर बदाबदा उतरते, फार मागे राहिली तर रेघ कोरडी पडते. पट्टीच्या दोन्ही बाजूंचे कान घट्ट दाबलेले असतील तर निबची चीर फाकते आणि शाई एकतर धो-धो येते किंवा मधोमध कोरी रेघ सुटते. कान जरा सैल करा, इतके की पट्टी हाताने सरकेल पण निब उलटी केली तर पडणार नाही. स्पीडबॉलच्या सी मालिकेत पट्टी निबलाच जोडलेली असते. तिथे पट्टी आणि निब यांच्यामध्ये वाळलेली शाई अडकते, म्हणून त्या फटीतून धुताना पातळ कागदाची पट्टी फिरवावी. दोन्ही कंपन्यांचे आकडे जसे वाढतात तशी निब अरुंद होत जाते, हेही घेताना लक्षात ठेवा.

देवनागरी लिहिणाऱ्यांना एक अडचण जास्तीची असते. आपल्या पारंपरिक वळणात जाड-बारीकपणाची दिशा रोमनच्या उलट आहे. रोमनसाठी बनवलेली सरळ कापाची निब आपल्या कोनात फिरवली की मनगट आखडतं, निबचा एक कोपरा उचलला जातो आणि रेघेची एक कड सुबक, दुसरी फाटकी येते. बघणाऱ्याला वाटतं शाई कमी पडतेय. खरं तर निबची अर्धी धार कागदाला टेकलेलीच नसते. कागद फिरवून बघा, कोपर अंगापासून थोडं दूर घ्या, आणि काना ओढताना दोन्ही कडा सारख्या येतात का ते तपासा. तिरक्या कापाची निब मिळाली तर उत्तमच. बोरू हाताशी असेल तर त्याला हवा तो काप स्वतः देता येतो, आणि कुठला कोन आपल्या हाताला मानवतो हे कळायला त्याच्यासारखं साधन नाही.

शाई फुटते तेव्हा

रेघेच्या कडेतून बारीक तंतू बाहेर पळतात, तेव्हा दोष बहुधा कागदाचा असतो. कागदाला तयार करताना खळ दिलेली नसेल किंवा कमी असेल, तर धागे शाई आपल्या वाटेने ओढून नेतात. पावसाळी दमट हवेत चांगला कागदही ओलावा धरतो आणि फुटू लागतो. वही बंद पिशवीत ठेवणं हाच त्यावर सोपा इलाज. जाडजूड खरबरीत हातकागदावर टोकदार निब चालवायचा आग्रह धरू नये. तिथे कटनिब घ्या. कागद बदलणं शक्य नसेल तर शाईत डिंकाचा एक थेंब वाढवा, किंवा सँडरॅक नावाच्या राळेची बारीक पूड कागदावर हलकेच फिरवून झटकून टाका. पूड जास्त राहिली तर शाई उलट आकसते.

एकाच पानावर काही जागी शाई धरते आणि काही जागी सरकते, असं झालं तर तिथे हात टेकलेला असतो. हाताखाली कोरा कागद ठेवून लिहा.

निब कधी टाकून द्यायची

लिहिणं झाल्यावर निब पाण्यात बुडवून ठेवू नका. पाण्यात हलवा, मऊ कापडाने आतून-बाहेरून पुसा आणि होल्डरमधून काढून कोरडी होऊ द्या, कारण होल्डरच्या आत अडकलेल्या ओलीने गंज तिथूनच चढतो. लाखेची शाई वाळून बसली असेल तर पाण्याने सुटत नाही. त्यासाठी अमोनियाचं पेन-स्वच्छक वापरावं.

एवढं सगळं जमवूनही जुनी निब त्रास देऊ लागली, तर तिच्या शेजारी त्याच जातीची नवी, धुतलेली निब घेऊन त्याच शाईने, त्याच कागदावर तीच ओळ लिहा. नवी निब ठीक चालली, तर जुनीचं आयुष्य संपलं आहे. टोकदार निब काही पानांनंतर झिजते, जोरात दाबणाऱ्याच्या हातात आणखी लवकर. फाका न दाबताही त्यांच्यामधून उजेड दिसू लागला, टोकाला काळे खड्डे पडले किंवा बारीक रेघ पहिल्यासारखी येईनाशी झाली, की ती निब पोलादाच्या भंगारात टाका. आणि नवीही तसाच त्रास देऊ लागली, तर बाटलीतली शाई काचेच्या पट्टीवर पुन्हा सोडून बघा.